तिसऱ्यांच्या प्रकल्पासाठी विद्यापीठाचा निधी: अर्ज लिहिण्याआधी आणि लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी रत्नागिरी तालुक्यात, काजळी नदीच्या भाट्ये खाडीकाठी राहते आणि एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. खाडीत तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्या, पूर्वीसारख्या मिळत नाहीत, असं तिची आई आणि वाडीतल्या बायका म्हणतात. तिला यावर प्रकल्प करायचा आहे. विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी विद्यापीठाकडून निधी मागता येतो, असं तिच्या कानावर आलं आहे. तिने ठरवलेलं शीर्षक 'रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांच्या जैवविविधतेचा सखोल अभ्यास' असं आहे. महिन्यातून एक दिवस खाडीत जायचं, तीन ठिकाणी बारा-बारा चौकोन खणायचे, असा बेत आहे. आणि ती विचारते: "पन्नास हजार मागू का? कापून पंचवीस तरी देतील असं सगळे म्हणतात. अर्जात नेमकं काय लिहायचं असतं?"

मी कोकणातल्या कॉलेजात वीसहून अधिक वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे. असे अर्ज मी स्वतः लिहिले, विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले आणि काही वर्षं छाननी समितीत बसून वाचलेही. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी तुझ्या आईचं वाक्य घेऊ, कारण तुझ्याकडे असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. "तिसऱ्या कमी झाल्या" हे ती चाळीस वर्षांच्या अनुभवातून सांगते आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण तुझ्या हातात एक हंगाम आहे. दहा वर्षांपूर्वी याच जागी, याच पद्धतीने कोणी मोजणी केलेली असेल तरच आजच्या आकड्याशी तुलना करून 'कमी झाल्या' म्हणता येतं. तशी नोंद हाताशी नसताना 'तिसऱ्या कमी झाल्याचे सिद्ध करणे' असा उद्देश लिहिलास, तर समितीतला पहिला माणूस विचारेल, "कशाच्या तुलनेत?" आणि अर्ज तिथेच अडकेल.

म्हणून प्रश्न फिरवून घे. आज खाडीत तिसऱ्या कुठे आहेत, चौरस मीटरला किती आहेत, त्यात लहान किती आणि मोठ्या किती, आणि त्या जागी पाण्याची क्षारता (खारटपणा) किती आहे? हे सगळं तुला सहा महिन्यांत मोजता येतं. शिवाय लहान शिंपल्यांचं प्रमाण पाहिलं की नवी पिल्लावळ खाडीत रुजते आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. आईच्या बोलण्यातली मूळ काळजी तीच आहे. तिचं म्हणणं प्रकल्पातून काढून टाकू नको. वाडीतल्या दहा-पंधरा बायकांच्या मुलाखती घे. पूर्वी एका सुकतीला (ओहोटीला) किती टोपल्या भरायच्या आणि आता किती भरतात, हे वेगळ्या उद्दिष्टाखाली लिही. मोजलेली गोष्ट आणि आठवणीतली गोष्ट अशी वेगवेगळी मांडली की दोन्हींना वजन येतं.

आता शीर्षक. तुझ्या शीर्षकात जिल्हा आहे, खाड्या आहेत, जैवविविधता आहे, सखोलही आहे. जयगड, दाभोळ, भाट्ये, जैतापूर या सगळ्या खाड्यांतले मासे, खेकडे, शिंपले, कांदळवन, पक्षी तू एका वर्षात करणार आहेस, असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी असं लिही: 'भाट्ये खाडीतील तीन ठिकाणी तिसऱ्यांची घनता, आकारमान आणि पाण्याची क्षारता: ऑक्टोबर ते मार्च'. यात जागा आहे, जीव आहे, काय मोजणार ते आहे आणि कधी मोजणार तेही आहे. वाचणाऱ्याला निम्मा अर्ज इथेच कळतो.

'तिसऱ्या' हे बाजारातलं नाव आहे, हेही लक्षात ठेव. एका गावात ज्याला तिसऱ्या म्हणतात त्याला दुसऱ्या गावात वेगळं नाव असतं, आणि एकाच टोपलीत मेरेट्रिक्स, पॅफिया, कॅटेलिशिया असे वेगवेगळे शिंपले निघू शकतात. अर्ज पाठवण्याआधी दहा-बारा शिंपल्या घेऊन कॉलेजातल्या सरांना दाखव. शक्य असेल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कोणाला तरी दाखवून शास्त्रीय नाव पक्कं करून घे. अर्जात नाव चुकलं तर पुढचं सगळं बरोबर असूनही वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

पूर्वीच्या कामाचा आढावा दीड पान पुरतो. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचता येतात आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे जुने लेखही मोकळे आहेत. पाच-सहा कामं नीट वाच आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिही: त्यांनी काय मोजलं, कुठे मोजलं, आणि तुझ्या जागेबद्दल त्यात काय नाही. पंचवीस नावांची यादी जोडून वाचल्याचा देखावा केलास तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडशील.

आता मुख्य भागाकडे येते. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा कल्पना वाईट असते म्हणून नव्हे. कामाची पद्धत, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक या तिघांचा एकमेकांशी मेळ बसत नाही म्हणून ते जातात. पैशाचा आकडा चिखलातून वर यायला हवा. तुझाच बेत घेऊन दाखवते.

एका दिवसात तीन ठिकाणी बारा-बारा, म्हणजे छत्तीस चौकोन. चौकोन अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा. दहा सेंटिमीटर खोल खणायचं, चिखल चाळणीत घ्यायचा, पाण्यात धुवायचा, शिंपल्या वेचायच्या, मोजायच्या, लांबी लिहायची. दोघी असाल, एक खणणारी आणि एक लिहिणारी, तरी सवय झाल्यावरसुद्धा एका चौकोनाला दहा मिनिटं लागतात. छत्तीस चौकोनांना ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास, आणि त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा वेळ धरलेलाच नाही. सुकतीला खालचा पट्टा उघडा राहतो तो दोन, फार तर अडीच तास. तू सोळाव्या चौकोनावर असशील तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलेलं असेल.

समितीत खाडी पाहिलेला एक माणूस जरी असला तरी तो हे गणित मनातल्या मनात करतो, आणि 'अर्जदाराने प्रत्यक्ष जागा पाहिलेली दिसत नाही' असा शेरा पडतो. तुझं तर घरच खाडीवर आहे. तुझ्यावर असा शेरा पडणं मला सहन होणार नाही.

म्हणजे एका दिवशी एकच ठिकाण: बारा चौकोन, दोन तास. तीन ठिकाणांना सलग तीन दिवस. उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, तीन-चार दिवस टिकतंच, त्यामुळे हे जमतं. पण दिवस कोणते? अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी अकरा-बाराच्या आसपास येते, म्हणजे सुकती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला. डिसेंबरात पहाटे पाचला काळोख असतो आणि संध्याकाळी सहाला सूर्य बुडायला आलेला असतो. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून द्वितीया, तृतीया, चतुर्थी हे दिवस घे. सुकती सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान येते, उजेड असतो आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची रीत तुझ्या घरात कोणाला तरी ठाऊक असेल. त्या रीतीने अंदाज घे आणि छापील कोष्टकाशी ताडून पाहा. खाडीत आत जावं तशी वेळ उशिरा लागते, तेवढं धर. अर्जाच्या वेळापत्रकात 'ऑक्टोबर: क्षेत्रभेट' असं मोघम लिहू नको. प्रत्येक महिन्याच्या तीन तारखा, तिथी आणि सुकतीची वेळ असा छोटा तक्ता दे. माझ्या एका विद्यार्थिनीने असा तक्ता दिला होता. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तो कागद उचलून शेजारच्यांना दाखवला आणि मग अंदाजपत्रकातला एकही आकडा विचारला नाही.

आता पाहा, सहा भेटींच्या अठरा भेटी झाल्या. पैशाचा हिशेब इथून सुरू होतो.

मधलं ठिकाण तुझ्या वाडीसमोर आहे, तिथे प्रवासखर्च शून्य आणि तो शून्यच लिही. मुखाजवळच्या ठिकाणाला दोघींनी एसटीने जायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे अर्ध्या तिकिटानेच हिशेब कर. दोघींचे जाऊन-येऊन साठ रुपये आणि रिक्षाचे शंभर धरू. सहा भेटींचे ९६०. वरचं ठिकाण पलीकडच्या काठावर आहे, तिथे होडी लागणार: सहाशे रुपये दराने सहा वेळा, ३,६००. प्रवास एकूण ४,५६०. हे दर मी उदाहरणापुरते धरले आहेत, तू तुझ्याकडचे खरे विचारून घाल.

साहित्यात क्षारता मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर २,५००, लांबी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर १,२००, एक मिलिमीटर जाळीची चाळणी १,५०० आणि पीव्हीसी पाइपचा चौकोन ३००. मिळून ५,५००. त्यातलं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय आहे ते आधी पाहा. व्हर्निअर पदार्थविज्ञान विभागात असतोच. जे आहे ते 'महाविद्यालयात उपलब्ध' असं लिहिलंस तर तुझ्या मागणीतला प्रामाणिकपणा दिसतो. विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने काढणार असशील तर रसायनांना १,४०० धर. आणि पद्धतीत हेही लिही की बाटली भरल्याबरोबर मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड जागेवरच घालणार. पाणी तसंच बाटलीत भरून दोन तासांनी प्रयोगशाळेत नेलं तर येणारा आकडा खाडीचा नसतो.

चिखलातल्या सेंद्रिय कर्बाची तपासणी बाहेरून करून घ्यायची असेल तर तीन ठिकाणं, प्रत्येकी तीन पातळ्या, दोन वेळा असे अठरा नमुने. अडीचशे रुपये दराने ४,५००. छपाई-बांधणी १,५००, किरकोळ १,०००.

आणि एक रक्कम बहुतेक विद्यार्थी विसरतात, ती मी मुद्दाम वेगळी सांगते. वाडीतली जी बाई तुझ्याबरोबर चिखलात येऊन कुठे खण, कुठे पाय रुततो हे दाखवणार आहे, तिची ती सुकती गेली. तेवढ्या वेळात तिने अर्धी टोपली भरली असती आणि ती बाजारात विकली असती. आपण संशोधन करतो म्हणून तिने आपल्यासाठी फुकट थांबावं, हे बरोबर नाही. 'स्थानिक जाणकार मानधन' म्हणून महिन्याला तीनशेप्रमाणे १,८०० रुपये अंदाजपत्रकात घाल. विद्यापीठाच्या योजनेच्या परिपत्रकात असं शीर्ष (खर्चाचा प्रकार) नसेल तर 'क्षेत्रीय साहाय्य' या नावाखाली घाल आणि कारण एका ओळीत लिही. आमच्या समितीत या रकमेवर कात्री लागताना मी पाहिलेली नाही.

सगळं मिळून २०,२६० रुपये होतात. आता तुझ्या पन्नास हजारांकडे ये. जास्त मागावं म्हणजे कापून हवं तेवढं मिळतं, हा समज कॉलेजाकॉलेजांत पसरलेला आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. समिती कापते तेव्हा तुला विचारून कापत नाही. फुगवलेल्या अंदाजपत्रकातून नेमकी होडी कापली जाते आणि छपाई राहते. उलट २०,२६० अशा आकड्यामागे अठरा भेटी, सहा होड्या आणि अठरा नमुने दिसतात, तेव्हा कापणाऱ्याला कळतं की एक रक्कम काढली की एक मोजमाप जाईल. गोल वीस हजार लिहू नको. वरचे दोनशे साठ रुपये कुठून आले हे सांगता येणं हीच तुझी ताकद आहे.

परिपत्रकातली कमाल मर्यादा १५,००० असेल तर? मग काय सोडायचं ते तूच ठरवून लिही. वरचं ठिकाण सोडून ३,६०० वाचवायचा मोह होईल, पण तो टाळ. मुखापासून वरपर्यंत क्षारता बदलत जाते आणि तिन्ही ठिकाणं असली तरच तो बदल दिसतो, तो तुझ्या प्रकल्पाचा कणा आहे. कर्बाची तपासणी सोड, ४,५०० गेले, १५,७६० राहिले. छपाई दोन प्रतींवर आणून ७०० कर, १४,९६० झाले. 'जादा निधी उपलब्ध झाल्यास कर्बाची तपासणी करण्यात येईल' असं एक वाक्य खाली टाकून ठेव.

परिपत्रक हा शब्द मी सारखा वापरते आहे, कारण योजना विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलतात. पात्रता, मर्यादा, शेवटची तारीख, अर्जाचा नमुना हे त्या वर्षीच्या परिपत्रकातच असतं, गेल्या वर्षीच्या मैत्रिणीच्या अर्जावरून उतरवू नको. परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागतं आणि कॉलेजच्या संशोधन समितीकडेही येतं. सूचनाफलकाची वाट पाहू नको, समितीच्या समन्वयकांना जाऊन भेट. अनेक कॉलेजांकडे स्वतःचा छोटा बीजनिधीही असतो, त्याचीही तिथेच चौकशी कर. 'आविष्कार' हा वेगळा विषय आहे. राज्यातल्या विद्यापीठांची ती संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिथे तुला तुझं काम परीक्षकांपुढे मांडता येईल. निधीचा अर्ज नीट लिहिलेला असेल तर आविष्कारचं पोस्टर त्यातूनच उभं राहतं, म्हणून दोन्ही डोळ्यांपुढे ठेव. दुसऱ्या वर्षी श्रेयांकांसाठी जो संशोधन प्रकल्प करावा लागतो, तो हाच असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिही आणि मार्गदर्शकांना आधी विचार.

भाषेबद्दल एक आग्रह. विज्ञानाचा अर्ज बहुधा इंग्रजीत द्यावा लागेल, पण पहिला खर्डा मराठीत लिही आणि आईला वाचून दाखव. तिला जिथे कळणार नाही, तिथे बहुतेक वेळा तुलाच नीट कळलेलं नसतं. मग इंग्रजी कर. मी हे दरवर्षी मुलांकडून करून घेते. इंग्रजीत 'विविध घटकांचा अभ्यास' असं लिहून पुढे जाता येतं. मराठीत आई विचारते, "म्हणजे कसले घटक?"

परवानग्यांचं बघ. तिसऱ्या काढण्यावर तिथे बंदी नाही, पण खाडीकाठी कांदळवन आहे. चिपी, तिवर यांच्या मुळांत खणणं, फांद्या तोडणं हे करायचंच नाही. तुझी ठिकाणं उघड्या चिखलपट्टीवर घे, आणि तरीही ती जागा वनखात्याच्या ताब्यात येते का हे कांदळवन कक्षाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घे. ग्रामपंचायतीला माहितीचं पत्र देऊन पोच घे. मुलाखतींसाठी संमतिपत्र मराठीत तयार कर, वाचून दाखव आणि मगच सही किंवा अंगठा घे. कॉलेजात नीतिमत्ता समिती असेल तर प्रश्नावली तिच्यापुढे ठेव. हे वाचणाऱ्या इतर मुलांसाठी सांगते: मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत. कासवं, प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावावा लागेल असा प्रकल्प पदव्युत्तर पहिल्या वर्षाला घेऊच नये. परवानगी यायच्या आत वर्ष संपतं. आणि मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळीच्या नोंदी घेणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ते दोन महिने वेळापत्रकात रिकामेच धरा.

आता जे माझ्या अंगावर आलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रकल्पाचं मंजुरीचं पत्र जानेवारीअखेर आलं. पहिला हप्ता मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या खात्यात जमा झाला आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा असं कळवण्यात आलं. खाडीतलं काम तर आम्ही ऑक्टोबरपासून सुरू केलेलं होतं. होडीचे, प्रवासाचे पैसे मुलींनी आणि मी खिशातून घातले होते. ती बिलं मंजुरीच्या तारखेआधीची म्हणून नाकारली गेली. नियम म्हणून ते बरोबरच होतं. पण एका मुलीने शिष्यवृत्तीचे पैसे घातले होते, ते तिला परत मिळाले नाहीत, आणि याचं वाईट मला आजही वाटतं.

तेव्हापासून मी वेळापत्रक दोन भागांत लिहायला लावते. पैसे न लागणारं काम आधी: तुझ्या वाडीसमोरच्या ठिकाणाची मोजणी, बायकांच्या टोपलीतल्या शिंपल्यांची लांबी, मुलाखती. टोपलीची मोजणी तर फार चांगली पद्धत आहे. बायका घरी परतल्या की दर भेटीला शंभर शिंपल्या न निवडता उचलायच्या, व्हर्निअरने लांबी घ्यायची आणि परत द्यायच्या. खर्च काही नाही, एक जीवही जास्तीचा मरत नाही, आणि आकारमानाचा आलेख मिळतो. मात्र टोपलीत लहान शिंपल्या कमी असतात, कारण बायका त्या तिथेच सोडतात. म्हणून चौकोनातली मोजणी आणि टोपलीतली मोजणी एकत्र मिसळू नको. होडी, उपकरणं, बाहेरची तपासणी हे सगळं 'मंजुरीनंतरचा पहिला महिना, दुसरा महिना' असं लिही. मंजुरी उशिरा आली तर कोणते महिने गाळणार आणि तरीही कोणतं उद्दिष्ट पूर्ण होणार, हे दोन ओळींत सांग. पावसाळ्यात काजळीला पूर आला की खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि मार्चपर्यंत मुखाशी ते समुद्राइतकं, हजारी पस्तिसाच्या आसपास खारट होत जातं. तुझ्या अभ्यासाला हा चढ पकडायचा आहे. त्यामुळे ऑक्टोबर हातचा जाऊ देऊ नको, निदान वाडीसमोरच्या ठिकाणी तरी नाही.

पैसे आल्यावरच्या गोष्टी भराभर सांगते, पण त्या हलक्या समजू नको. पैसा कॉलेजच्या खात्यात येतो, तुझ्या नव्हे. खरेदी कॉलेजच्या नावाने, जीएसटी क्रमांक असलेल्या पक्क्या बिलाने करायची. किती रकमेपुढे तीन कोटेशन लागतात हे कॉलेजच्या लेखापालांना आधी विचार. लेखापालांशी पहिल्या दिवसापासून आदराने आणि नियमित बोल, शेवटी तुझं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) त्यांच्याच हातून तयार होणार आहे. रिफ्रॅक्टोमीटर, व्हर्निअर डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवून त्याचा पान क्रमांक बिलावर लिहून घे. प्रकल्प संपल्यावर ती उपकरणं विभागात राहतात. एका शीर्षातले पैसे दुसऱ्या शीर्षात वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

होडीवाल्याकडे बिलबुक नसतं. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी वहीच्या पानावर त्याची सही आणली आणि ते पान परत आलं. आता मी कॉलेजच्या नावाचं व्हाउचर आधीच छापून नेते: तारीख, कुठून कुठे, किती जण, रक्कम अंकात आणि अक्षरात, होडीवाल्याचं नाव, गाव, सही. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं, तुझ्या सहाशेला लागणार नाही. एसटीचं तिकीट त्याच दिवशी कागदावर डकव आणि त्याची छायाप्रत काढ. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची शाई चार महिन्यांत उडते आणि लेखापरीक्षणाला कोरा कागद उरतो.

हे सगळं लिहायला बसण्याआधी एक काम कर, त्याला पैसे लागत नाहीत. येत्या द्वितीयेला सकाळी, एक मैत्रीण आणि वाडीतली एक जाणती बाई बरोबर घेऊन, घरासमोरच्या चिखलात उतर. एकटी जाऊ नको. चार काठ्या सुतळीने बांधून अर्ध्या मीटरचा चौकोन कर आणि चार चौकोन खणून बघ. प्रत्येकाला किती मिनिटं लागली, किती शिंपल्या निघाल्या, सगळ्यात लहान केवढी होती, पाणी कधी फिरलं, हे जागेवरच लिहून काढ. एखादा चौकोन रिकामा निघाला तर शून्य लिही. शून्यही मोजमापच आहे, आणि किती चौकोन रिकामे निघतात यावरूनच बारा पुरतील की वीस लागतील हे ठरतं. ते चार आकडे 'प्राथमिक पाहणी' या मथळ्याखाली अर्जाच्या दुसऱ्या पानावर घाल. चौकोनाला दहाऐवजी पंधरा मिनिटं लागत असतील तर माझं वरचं सगळं गणित बदलेल. मग बाराऐवजी आठ चौकोन धर, त्याप्रमाणे भेटी आणि पैसे पुन्हा मांड, आणि तो कागद घेऊन मार्गदर्शकांकडे सहीला जा.